गोदावरी, मांजरा आणि शेजारची राज्यं: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैठण, धर्माबाद, निलंगा, किनवट, परंडा. तालुके वेगळे, पण पाण्याबद्दलचा राग सगळीकडे खरा आहे. फक्त तो बऱ्याचदा चुकीच्या दारावर जाऊन धडकतो. तेलंगणाला शिव्या देऊन पैठणचं जायकवाडी धरण भरत नाही आणि नाशिकला दोष देऊन धर्माबादच्या बाभळी बंधाऱ्याची दारं खाली पडत नाहीत. राज्याराज्यांतले पाण्याचे करार नदीवर ठरावीक ठिकाणी रेषा मारून झालेले आहेत. आपलं गाव कोणत्या रेषेच्या वर आहे आणि कोणत्या खाली, हे कळलं की कोणाकडे काय मागायचं हेही कळतं. म्हणून पुढच्या उत्तरांत पुन्हा पुन्हा त्या रेषांवरच बोट ठेवलं आहे.

नदी उगम पावते त्या राज्याची की वाहत जाते त्या राज्याची?

एकट्या कोणाचीच नाही. राज्यघटनेच्या राज्यसूचीत पाणी हा विषय राज्याकडे आहे (नोंद १७), पण आंतरराज्य नद्यांचं नियमन आणि विकास यावर कायदा करायचा अधिकार संसदेकडे आहे (केंद्रसूची, नोंद ५६). दोन राज्यांत भांडण झालं तर काय, याचं उत्तर कलम २६२ मध्ये आहे. त्याच कलमाच्या आधारावर १९५६ साली आंतरराज्य नदी जलविवाद कायदा झाला.

‘पाऊस आमच्या हद्दीत पडला, म्हणून पाणी आमचं’ हा दावा आपल्याकडच्या लवादांनी आणि सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेला नाही. १६ फेब्रुवारी २०१८ च्या कावेरी निकालात तर न्यायालयाने स्पष्टच म्हटलं की आंतरराज्य नदी ही राष्ट्राची संपत्ती आहे, कोणतंही एक राज्य तिच्यावर मालकी सांगू शकत नाही. आपण वरच्या अंगाला आहोत म्हणून सगळं आपलं, हे चालत नाही. आणि खालच्यांनी आधी धरण बांधलं म्हणून सगळं त्यांचं, हेही चालत नाही.

गोदावरीच्या पाण्याची वाटणी नेमकी कधी आणि कशी झाली?

केंद्राने एप्रिल १९६९ मध्ये न्यायमूर्ती आर. एस. बछावत यांच्या अध्यक्षतेखाली गोदावरी पाणीतंटा लवाद नेमला. कृष्णेचा लवादही त्याच वेळी, त्यांच्याच अध्यक्षतेखाली नेमला गेला. पण दोन्ही नद्यांचे निकाल अगदी वेगळ्या वळणाचे आहेत, आणि हा फरक मराठवाड्यातल्या माणसाने समजून घ्यायलाच हवा.

कृष्णेत लवादाने आकडे वाटले: महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकला ७००, आंध्रला ८०० टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट; हिशेब खाली दिला आहे). गोदावरीत मात्र लवादाचं काम सुरू असतानाच राज्यांनी आपापसांत करार केले. महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांचा मुख्य करार ६ ऑक्टोबर १९७५ चा. लवादाने हे करार आपल्या निवाड्यात सामावून घेतले. निवाडा १९७९ च्या नोव्हेंबरमध्ये आला आणि अंतिम रूप १९८० च्या जुलैमध्ये मिळालं. त्यामुळे गोदावरीत ‘महाराष्ट्राचा एकूण वाटा अमुक टीएमसी’ असा एकच आकडा शोधत बसलात तर हाती काही लागत नाही. भावाभावांच्या वाटणीपत्रात एकर न लिहिता ‘या बांधापासून त्या बांधापर्यंत तुझं’ असं लिहावं, तसा हा करार आहे. इथले बांध म्हणजे धरणं: पैठण (म्हणजे जायकवाडी), पूर्णेवरचं सिद्धेश्वर, मांजरेवरचं निजामसागर आणि तेलंगणातलं पोचमपाड.

मग आमचं गाव कोणत्या रेषेत येतं, हे ओळखायचं कसं?

आधी गावचा ओढा कोणत्या नदीला मिळतो ते पाहा, मग ती नदी कोणत्या धरणाच्या वर आहे ते.

पैठणच्या वर गोदावरीचं जे खोरं आहे (म्हणजे नाशिक, नगर आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा पैठणच्या वरचा भाग), तिथलं सगळं पाणी वापरायला महाराष्ट्र मोकळा आहे. पूर्णा नदीचं सिद्धेश्वर धरणापर्यंतचं पाणीही तसंच, म्हणजे येलदरी आणि सिद्धेश्वर या दोन्ही धरणांचं. या भागात पाणी कमी पडलं तर त्यात तेलंगणाचा किंवा आंध्रचा काडीचाही संबंध नाही.

पैठणच्या खाली, सिद्धेश्वरच्या खाली, निजामसागरच्या खालच्या मांजरेत, आणि तिथून पोचमपाडपर्यंत जे खोरं आहे, तिथे महाराष्ट्राला करारानंतरच्या नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसीची मर्यादा आहे. करारापूर्वी मंजूर झालेला वापर त्यात धरलेला नाही, पण त्या जुन्या प्रकल्पांत जादा वापर वाढवला तर तो मात्र याच ६० टीएमसीत मोजला जातो. परभणीचा बराच भाग, बीड आणि जालन्याचा गोदाकाठ, नांदेड, बिलोली, देगलूर, धर्माबाद हे सगळं याच पट्ट्यात. आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुद्गल, दिग्रस, अंतेश्वर, आमदुरा, बळेगाव हे उच्च पातळी बंधारे इथलेच.

निजामसागरच्या वरच्या मांजरेसाठी वेगळा हिशेब आहे. तिथे महाराष्ट्राला नव्या प्रकल्पांसाठी २२ टीएमसी. केज, कळंब, लातूर, औसा, निलंगा आणि तेरणेकाठची गावं या रेषेत येतात.

किनवट, माहूर, हिमायतनगर यांची पैनगंगा यातल्या कशातच बसत नाही. ती पुढे वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते आणि प्राणहिता पोचमपाडच्या बरीच खाली गोदावरीत येते. आणि आष्टी, भूम, परंडा, तुळजापूर यांचा बराचसा भाग तर गोदावरी खोऱ्यातच नाही. तिथलं पाणी सीना आणि बोरी या नद्यांवाटे भीमेत आणि पुढे कृष्णेत जातं. त्यांच्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

टीएमसी म्हणजे किती पाणी?

एक अब्ज घनफूट. लिटरमध्ये साधारण २,८३२ कोटी. आपल्या पाटबंधारे कार्यालयाच्या फलकावर दलघमी (दशलक्ष घनमीटर) लिहिलेलं असतं. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. नदीतून साडेअकरा हजार क्युसेकचा (सेकंदाला तेवढे घनफूट) विसर्ग पूर्ण चोवीस तास चालला की एक टीएमसी पाणी पुढे जातं. पूर बघताना हा हिशेब डोक्यात ठेवा, बातम्यांतले आकडे लगेच अर्थपूर्ण होतील.

६० टीएमसी आपल्या हक्काचे आहेत, मग ते मिळत का नाहीत?

कारण करारातला आकडा ही कमाल मर्यादा आहे. तेवढं पाणी नदीत येईलच, याची हमी कोणी दिलेली नाही, आणि आलं तरी ते कोणी आपल्या शेतात आणून सोडणार नाही. कागदावरच्या हक्काचं पाणी व्हायला तीन गोष्टी लागतात: पाऊस, साठवायला जागा, आणि साठवल्यावर ते शेतापर्यंत नेणारा कालवा किंवा उपसा. पहिली आपल्या हातात नाही. दुसरीत आपण उशीर केला. तिसरीत तर फारच केला.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. बंधारा झाला, पाणी दिसायला लागलं, फोटो निघाले, आणि काठावरच्या उपसा योजनांना वीज नाही, कालव्याच्या चाऱ्या अपूर्ण, शेवटच्या टोकाचा शेतकरी कोरडाच. त्या पाण्याचा हिशेब मात्र आंतरराज्य बैठकीत ‘महाराष्ट्राने अडवलेलं पाणी’ म्हणून होतोच.

बाभळी बंधाऱ्याची दारं पावसाळ्यात उघडी का ठेवतात? भरायची वेळ तर तीच असते.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा विस्ताराने.

बाभळी बंधारा धर्माबाद तालुक्यात, गोदावरी तेलंगणात शिरण्याच्या थोडं आधी आहे. साठवणक्षमता २.७४ टीएमसी. खाली तेलंगणात पोचमपाड, म्हणजे श्रीरामसागर. त्या धरणाचा फुगवटा, म्हणजे भिंतीमागे वरच्या अंगाला पसरणारं पाणी, नदीपात्रातून महाराष्ट्राच्या हद्दीत येतो, आणि बाभळीचा साठा काही प्रमाणात त्याच फुगवट्याच्या जागेत बसतो. आंध्रचं म्हणणं होतं की महाराष्ट्र आमच्या जलाशयातच भिंत घालतो आहे आणि आमचं पाणी खेचणार आहे. महाराष्ट्राचं म्हणणं, बंधारा आमच्या हद्दीत आहे आणि पाणी आमच्या ६० टीएमसीतलं आहे. आंध्र २००६ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१० च्या जुलैत चंद्राबाबू नायडू आमदारांसह बाभळीकडे निघाले आणि त्यांना धर्माबादेत अटक झाली, हे अनेकांना आठवत असेल.

२८ फेब्रुवारी २०१३ ला निकाल आला. बंधारा पाडा, ही आंध्रची मागणी न्यायालयाने मानली नाही. दोन्ही जलाशयांची सामाईक बुडीत जागा फक्त ०.६ टीएमसीची आहे, हे लक्षात घेऊन अटी घातल्या गेल्या. १ जुलै ते २८ ऑक्टोबर नदीचा नैसर्गिक प्रवाह अडवायचा नाही, म्हणजे दारं वर. २९ ऑक्टोबरपासून पुढच्या जूनअखेरपर्यंत दारं खाली टाकून पाणी साठवता येईल. सामाईक जागेतल्या ०.६ टीएमसीची भरपाई म्हणून दरवर्षी १ मार्चला तेवढं पाणी खाली सोडायचं. आणि २.७४ टीएमसी हा आकडा एकदाच धरायचा, बंधारा पुन्हा पुन्हा भरून तेवढंच पाणी वारंवार वापरायचं नाही. या सगळ्यावर देखरेखीला तीन सदस्यांची समिती: अध्यक्ष केंद्रीय जल आयोगाचा प्रतिनिधी, आणि दोन्ही राज्यांचा एकेक.

अडचण तारखेत आहे. परतीचा पाऊस लवकर आटोपला की २९ ऑक्टोबरला दारं टाकूनही नदीला येवा, म्हणजे वरून येणारं पाणी, नसतं. भर पुरात डोळ्यांदेखत पाणी जातं, आणि दारं पडतात तेव्हा अडवायला फारसं उरलेलं नसतं. धर्माबाद, उमरी, बिलोलीच्या शेतकऱ्याचा जीव त्या चार महिन्यांत तुटतो, तो उगीच नाही. पण तारीख बदलायचा अधिकार कलेक्टरला नाही, पालकमंत्र्यांनाही नाही. तिथे सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. तो बदलायचा तर न्यायालयातच जावं लागेल, किंवा दोन्ही राज्यांनी एकत्र बसून मार्ग काढून तो न्यायालयासमोर ठेवावा लागेल. सप्टेंबरअखेरीस पोचमपाड काठोकाठ भरलेलं असेल, तर दारं महिनाभर आधी टाकण्याने खालच्यांचं काय नुकसान होतं, हा प्रश्न अभ्यास करून, वर्षावर्षाच्या नोंदी लावून विचारण्यासारखा आहे.

हे भांडण मुळात सुरू कधी झालं? निजामाच्या काळात तर सगळं एकच होतं.

बरोबर, आणि हीच मराठवाड्याची खास गुंतागुंत आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मराठवाडा आणि तेलंगण हे दोन्ही हैदराबाद राज्यात होते. मांजरेवरचं निजामसागर १९३१ च्या सुमारास पूर्ण झालं, तेव्हा वरचं लातूर आणि खालचं निजामाबाद एकाच सरकारखाली. वर किती अडवायचं, खाली किती सोडायचं, हा एकाच दरबाराचा निर्णय होता. १ नोव्हेंबर १९५६ ला सीमा बदलली, मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि घरातली वाटणी दोन राज्यांतला तंटा झाली.

नंतर खाली काम वेगाने झालं. पोचमपाडची पायाभरणी १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाली. जायकवाडीची १९६५ मध्ये, लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते.

नाशिक-नगरने पाणी सोडलं नाही, तर लवादाकडे का जाता येत नाही?

कारण १९५६ चा कायदा फक्त राज्याराज्यांतल्या भांडणासाठी आहे. पैठणच्या वरचं सगळं पाणी महाराष्ट्राचं, एवढंच करार सांगतो. त्यातलं नाशिकला किती आणि जायकवाडीला किती, यावर तो गप्प आहे. ही आपल्या राज्याच्या आतली वाटणी.

त्यासाठी महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा, २००५ आहे. त्याच्या कलम १२(६)(ग) प्रमाणे खोऱ्यातल्या सगळ्या धरणांतला साठा, खरिपातला वापर धरून, ऑक्टोबरअखेर टक्केवारीने साधारण सारखा असायला हवा. प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ ला आदेश दिला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा खरीप वापरासह ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ च्या सप्टेंबरमध्ये ही भूमिका उचलून धरली. २०२३ च्या दुष्काळी वर्षात वरच्या धरणांतून ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश याच चौकटीत निघाला.

जायकवाडीचा उपयुक्त साठा २,१७१ दलघमी, म्हणजे सुमारे ७६.६५ टीएमसी. बाभळीच्या २.७४ शी तुलना करून पाहा. आंतरराज्य वादावर जेवढा आवाज होतो, त्याहून कितीतरी मोठा आकडा राज्याच्या आतल्या न्यायावर अवलंबून आहे. मला वाटतं, मराठवाड्याने आपली ताकद सगळ्यात आधी इथे लावायला हवी.

लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्यात कर्नाटक-तेलंगणाचा दोष होता का?

नाही. २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी आली तेव्हा धनेगावचं मांजरा धरण आटलेलं होतं, आणि ते कर्नाटकच्या वर आहे. पाणी खालच्या राज्यांनी पळवायचा प्रश्नच येत नाही. पाऊस कमी पडला होता, आणि जे होतं ते आपल्याच खोऱ्यात ऊस आणि उपशात संपलं होतं.

मांजरेचा आंतरराज्य हिशेब खाली सुरू होतो: बीदर जिल्ह्यात कर्नाटकचा वाटा, मग सिंगूर, मग निजामसागर. १९७५ च्या करारात हैदराबादच्या पिण्यासाठी सिंगूरमधून ४ टीएमसी उचलण्याची सोय केलेली आहे.

आपण न वापरलेलं पाणी कायमचं जातं का?

कायद्याने हक्क लगेच बुडत नाही. पण धोका खरा आहे. खाली वाहून गेलेल्या पाण्यावर कालवे होतात, गावं वसतात, पिकं ठरतात. लवाद पाणी वाटताना आधीपासून चालू असलेल्या वापराला संरक्षण देतात, कृष्णेत हेच झालं. त्यामुळे ‘आज नाही तर उद्या वापरू’ म्हणणाऱ्याची बाजू दर दशकाला हलकी होत जाते.

आंध्र फुटलं, मग १९७५ चा करार कोणाशी?

२ जून २०१४ पासून या पट्ट्यात आंध्रच्या जागी तेलंगण आलं. जुन्या राज्याचे हक्क आणि बंधनं दोन्ही त्याच्याकडे गेली. आंध्र प्रदेश पुनर्रचना कायद्याने गोदावरी आणि कृष्णा नदी व्यवस्थापन मंडळं नेमली, पण ती तेलंगण आणि आंध्र यांच्यातला कारभार बघायला आहेत. महाराष्ट्राने तेलंगणाशी स्वतंत्र आंतरराज्य मंडळ केलं आणि २३ ऑगस्ट २०१६ ला मेडिगड्डा, तुमडीहेटी आणि पैनगंगेवरचा चनाखा-कोरटा या बंधाऱ्यांबद्दल करार केले. भांडत असतानाही बसून सह्या करता येतात, याचं हे उदाहरण.

लेंडी आणि निम्न पैनगंगा हे प्रकल्प रखडले का?

दोन्ही १९७५ च्या करारातच संयुक्त प्रकल्प म्हणून लिहिलेले आहेत. लेंडी मुखेड तालुक्यात. निम्न पैनगंगेत महाराष्ट्राचा वाटा ८८ टक्के आणि तेलंगणाचा १२. करारातला पाण्याचा भाग केव्हाच मिटला होता. अडलं ते पुनर्वसन आणि पैसा. बुडणाऱ्या गावांना योग्य मोबदला आणि नीट गावठाण मिळाल्याशिवाय त्यांनी उठावं, अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे, मग खालच्या हजारो एकरांना पाणी मिळणार असलं तरी.

पोचमपाडच्या फुगवट्याने आमची शेतं बुडतात. करारात पुराबद्दल काय आहे?

फार थोडं. करारात पोचमपाडची पूर्ण पातळी १,०९१ फूट आणि महत्तम पूरपातळी १,०९३ फूट मान्य केलेली आहे. त्यापलीकडे पुराच्या वेळी खालची दारं कधी उघडायची, हे दोन्हीकडच्या अभियंत्यांच्या समन्वयावर चालतं. नांदेडजवळच्या विष्णुपुरी धरणातून मोठा विसर्ग सुरू झाला आणि खाली पोचमपाड आधीच भरलेलं असलं, की धर्माबाद, बिलोली, नायगावकडे पाणी पसरतं. पूर ओसरण्याआधीच फोटो, तारीख आणि गट नंबर घालून तहसीलला लेखी अर्ज द्या.

परंडा-भूम-आष्टीचं काय?

ही गावं कृष्णा खोऱ्यातली. महाराष्ट्राला पहिल्या कृष्णा लवादाने दिलेला वाटा पुनर्प्राप्त पाणी (वापरानंतर नदीत परत येणारं) धरून ५८५ टीएमसी झाला. ब्रिजेश कुमार लवादाने, म्हणजे दुसऱ्या कृष्णा लवादाने, २०१० मध्ये तो ६६६ केला, पण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे तो निवाडा राजपत्रात प्रसिद्ध झाला नाही, आणि राजपत्रात आल्याशिवाय निवाडा लागू होत नाही. कृष्णेचं पाणी मराठवाड्याला देणाऱ्या कृष्णा-मराठवाडा योजनेचे २३.६६ टीएमसी आणि त्यातले आधी मिळालेले ७ टीएमसी ही चर्चा याच वाट्यातून होते.

एखादा शेतकरी स्वतः लवादाकडे जाऊ शकतो का?

नाही. तक्रार राज्य सरकारनेच करायची असते. कायद्याच्या कलम ३ मध्ये ‘राज्याच्या किंवा तिथल्या रहिवाशांच्या’ हिताला बाधा आली तर, असे शब्द आहेत. म्हणजे बाधा तुमची, पण सही राज्याची. मग केंद्र आधी वाटाघाटी करून पाहतं, जमलं नाही तर लवाद नेमतं. २००२ च्या दुरुस्तीनंतर हे वर्षभरात व्हायला हवं. लवादाला निर्णयासाठी तीन वर्षं, वर दोन वर्षांची मुदतवाढ. निवाडा राजपत्रात आला की त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमाएवढं बळ मिळतं.

मग आम्ही गावातून करायचं काय?

माहिती अधिकारात आपल्या पाटबंधारे विभागाकडे तीन गोष्टी मागा: तुमच्या बंधाऱ्याचं पाणी करारातल्या कोणत्या मर्यादेत मोजलं जातं, मागच्या दहा वर्षांत तो दर १५ ऑक्टोबरला किती भरलेला होता, आणि त्यातून प्रत्यक्ष किती हेक्टर भिजलं. बाभळीच्या लाभक्षेत्रात असाल तर २९ ऑक्टोबर आणि १ मार्चच्या पाणीपातळीच्या नोंदीही मागा. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला जाताना हे कागद हातात असू द्या. पाणीवापर संस्था नसेल तर २००५ च्या शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याखाली ती नोंदवा, कारण समितीसमोर संस्थेचं म्हणणं एकट्या माणसाच्या अर्जापेक्षा आधी ऐकलं जातं.